सातवं गाणं

“अल्बम सोनं आहे, पण सातव्या गाण्यात बँडनं नुसत्या पाट्या टाकल्यात,” दादाचा मित्र चाळीस वर्षं हेच म्हणत आलाय आणि दादा दर वेळी हमरीतुमरीवर येतो. “मग सांग ना, आहे काय त्यात?” असं विचारलं, की मात्र दादा एवढंच म्हणतो, “तू ते नीट ऐकलंच नाहीस.”

शाळेत असताना या मित्राचीच रेकॉर्ड एका दिवसासाठी घरी आणून, स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर धरून आम्ही दोघा भावांनी त्या अल्बमची कॅसेट केली होती. तीच आम्ही जन्मभर ऐकली. गेल्या महिन्यात मशीननं ती खाल्ली.

आज मित्रानं आपली जुनी रेकॉर्ड काढली. “आता ऐकच, आणि कबूल कर.”

सातवं गाणं लागलं. दुसरं कडवं संपलं, गिटार क्षणभर थांबली आणि माझा साठीचा दादा दाराकडे मान वळवून म्हणाला, “आलो गं!” मी तर उठून उभाच राहिलो होतो.

“अरे, हाक कुणी मारली?” मित्रानं विचारलं.

त्याच्या रेकॉर्डवर कुणीच मारली नव्हती. जेवायला बोलावणारी आई फक्त आमच्या कॅसेटवर होती.