दाट औषधाची बाटली

माझ्या तान्ह्या लेकीला पाळणाघरात सोडून मी प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुफ्फुसाच्या पेशींना भरवायला येते, रविवारीसुद्धा. डास पळवणाऱ्या नव्या औषधाची वाफ दिली आणि बशीतल्या सगळ्या पेशी मेल्या. “पातळ करून बघा,” सर म्हणाले. पुन्हा मेल्या. “अहो, आणखी पातळ करा!” शेवटी जवळजवळ पाणीच उरलं, तेव्हा पेशी जगल्या आणि औषध पास झालं. कंपनीने खूश होऊन आम्हा सगळ्यांना एकेक बाटली पाठवली, मूळ दाट औषधाची. संध्याकाळी सर आपली बाटली टेबलावरच विसरले. बाकीचेही विसरले. मीही माझी बाटली तिथेच ठेवून पर्स उचलली, तेवढ्यात झाडूवाल्या मावशी हसल्या. “शिकलेली माणसं आणि इतकी विसराळू! एक नेते गं, नातवाला रात्रभर डास फोडून काढतात.” मी बाटली हिसकावली. “मावशी, ही नको!” त्या म्हणाल्या, “अगं, पण पास तूच केलंस ना?”