पिंपातली आरोळी

यीस्ट घालताना पिंपात तोंड घालून आरोळी ठोकायची, नाहीतर बिअर मरगळते, ही नॉर्वेतल्या वॉसच्या डोंगरातली रीत. हे काम सिगुर्दचं. उन्हाळ्यात तो वारला, म्हणून यंदा त्याच्या बायकोने, बोर्गहिल्डने, यीस्ट मुकाट्याने घातलं.

चौथ्या दिवशी नणंद टोरुन आली. पिंपातली चुरचुर थांबली होती. बोर्गहिल्डने पेटती मेणबत्ती आत धरली. बिअर अजून फसफसत असती, तर ज्योत विझली असती. ती स्थिर जळत राहिली.

"झाली गं," बोर्गहिल्ड म्हणाली.

"न होऊन जाते कुठे! त्या दिवशी केवढ्याने ओरडलीस, वहिनी! शेतापलीकडे आमचं कुत्रं भुंकायला लागलं. आवाजही थेट दादाचा काढलास."

बोर्गहिल्ड मेणबत्ती बाहेर काढू लागली. आरोळीआधी कुणी छाती भरून श्वास घ्यावा, तशी ज्योत पिंपाच्या आत ओढली गेली.