कपाटातला दोर

गिर्यारोहण करताना बर्फाच्या कड्यावरून बापू कोसळला, तेव्हा एका दोराने त्याला वाचवलं. तोच दोर त्याने गावच्या दूध सोसायटीला, काचेच्या कपाटात मांडायला, दिला. त्याच गोष्टीवर पुस्तक खपलं, भाषणं गाजली, मानधनातून माजलगावहून टँकर आले, तरी दुष्काळात गावाची तहान भागेना. परवा आटलेल्या विहिरीच्या तळाचं पाणी वाटीने भरायला भामाबाईंची सून उतरत होती. दोर तुटला आणि ती जागीच गेली. आज भामाबाईंनी दोराचे तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले. “आमचा हिरीचा नाडा झिजलता, म्हनून कपाटातला ह्यो आनला. पोरगी लई घाबरलती. मीच म्हनलं, बापूला ह्यानं झेललंय, तुला टाकील व्हय? मंग कावून तुटला, बापू?” त्याला ठाऊक होतं: एकदा झटका खाल्लेल्या दोरावर पुन्हा जीव टांगायचा नसतो. गोष्ट बिघडते म्हणून ती ओळ त्यानेच पुस्तकातून खोडली होती.