बाविसावं दार

एकविसाव्या दारालाही कडुनिंबाची डहाळी लटकत होती. बिसेन डॉक्टरांनी वहीत एकविसावी फुली मारली. दाराला कडुनिंब म्हणजे घरात माता आलेली, देवीचे फोड उठलेलं माणूस आत निजलेलं. सोमवारी अख्ख्या गावात असं एकच घर होतं. आज शुक्रवारी एकवीस. माता इतक्या घाईनं पसरत नाही, हे भानावर असते तर डॉक्टरांच्या ध्यानात आलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला भान कुठलं?

एकावन्न सालचा चैत्र होता. दरेकशाच्या डोंगराकडची गावं बिसेन डॉक्टरांच्या वाट्याला आली होती. जिल्ह्यावरून आलेला कागद त्यांच्या खिशात होता. लस थोडी आहे, निरोगी घरांना आधी टोचा, रोगी घरांत विनाकारण ये-जा करू नका, असं त्यात लिहिलं होतं. माता आलेल्या घरातसुद्धा फोड उठल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत बाकीच्यांना टोचलं तर ते वाचतात, हे डॉक्टर शिकले होते. म्हणून तर कागदात 'विनाकारण' हा शब्द होता. डॉक्टरांनी तेवढा एक शब्द गाळून कागद वाचला. मुर्री या त्यांच्या गावी लहानपणी थोरला भाऊ मातेनं नेला होता आणि गोंदियाला बायकोचे दिवस भरत आले होते. त्यांनी स्वतःला दोनदा टोचून घेतलं होतं, पण भीतीवर कुठे लस असते!

सोमवारी ते या गावात शिरलेसुद्धा नव्हते. बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीवरच थांबले आणि कोतवाल पतिरामला बघायला पाठवलं. एका दाराला निंब आहे, बाकीचं गाव मोहफुलं वेचायला रानात गेलंय, असं पतिरामनं येऊन सांगितलं. "निंब असलेल्या घरी मी पाय ठेवणार नाही. सरकारचा कागद आहे," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले आणि लसीच्या नळ्या तशाच घेऊन परत फिरले. पाळीवर दोन म्हाताऱ्या कपडे धूत होत्या. त्यांनी ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं.

बाविसाव्या दाराला मात्र निंब नव्हता. डॉक्टरांना हायसं वाटलं. दुर्पता नावाची बाई तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन उंबऱ्यातच उभी होती. टोचणारा आला की बाया पोरं धान साठवायच्या ढोलीत लपवायच्या. हिनं स्वतः पोराची बाही वर सारली.

"टोचा," ती म्हणाली. "खुशाल नाव आहे याचं."

डॉक्टरांनी तिच्याच चुलीवर सुई उकळली आणि पोराच्या दंडाला लस टोचली. पोर रडलं. दुर्पतानं त्याला घट्ट धरलं आणि पहिल्यांदाच मोठा श्वास सोडला. पतिराम अंगणात मान खाली घालून उभा होता.

तेवढ्यात शेजारच्या घरातून चर्र असा आवाज आला आणि जवसाच्या तेलात पडलेल्या लसणाचा वास दरवळला. मग समोरच्या घरातूनही तसाच आवाज आला. डॉक्टरांची सुई हातातच राहिली. माता आलेल्या घरात कोणी फोडणी देत नाही. तेल चरचरलं की देवीच्या अंगाची आग होते म्हणतात. भावाच्या आजारात त्यांच्या आईनं घरात तेलाचा थेंब तापू दिला नव्हता.

"पतिराम," ते म्हणाले, "तुझ्याही दाराला निंब आहे. तुझ्या घरी कोणाला आली माता?"

"कोनालेच नाई, सायेब," पतिराम पुटपुटला. "टोचलं का मातामाय कोपते. अन् तुमीच मनले, निंब दिसला का येत नाई. मंग सप्पा गावानं बांधला."

डॉक्टर मटकन ओट्यावर बसले आणि एकटेच हसत सुटले. गावानं त्यांचाच कागद त्यांच्या गळ्यात बांधला होता. पण गाव वाचलं होतं. आता एकेका दाराचा निंब उतरवून सगळ्यांना टोचता येणार होतं. त्यांनी वही उघडली आणि एकवीस फुल्या खोडायला घेतल्या. खोडता खोडता त्यांचा हात थांबला. सगळेच निंब खोटे, तर मग सोमवारचा तो एक, त्यांनी तोंड उघडण्याआधीचा?

त्यांनी मागे वळून दुर्पताच्या चुलीकडे पाहिलं. मडक्यात नुसता पेजभात रटरटत होता. शेजारी भाजी शिजली होती, पाण्यात, मिठावर. तेलाचा बुधला वर आढ्याला बांधून ठेवला होता.

"दुर्पताबाई, तेल वर काऊन बांधलं?"

तिनं आतल्या खोलीची ताटी बाजूला सारली. निंबाच्या पाल्यावर सात वर्षांची पोरगी निजली होती. चेहरा फोडांनी भरला होता, डोळे चिकटले होते. दारावरून काढलेली डहाळी तिच्या उशाला होती.

"हे रुख्मा माही," दुर्पता म्हणाली. "हिचं मातामाय पाहील. हा तं वाचल नं, डॉक्टर?"

डॉक्टर पोरीपाशी वाकले. "फोड कधी उठले हिला?"

"आइतवारी. सोमवारी तुमी येनार मनून खुशालले घेऊन दारातच बसली होती मी. निंबाचं आयकलं अन् तुमी बोडीवरूनच मांगं फिरले. मनून आज निंब काहाडला."