आधी खुशाली

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ओमानी गलबताच्या नाखव्याने तिसऱ्यांदा वायरलेस बंद केला. पहाटे हर्णैची बोट जिथे बुडाली, तिथूनच हे गलबत गेले होते. सात खलाशी बेपत्ता होते.

किनारा सुरक्षा केंद्रातले भाषांतरयंत्र अरबी अचूक बोलत होते. वेळ वाचावा म्हणून ते विचारपूस गाळून थेट प्रश्न विचारी, आणि नाखव्याला ती झडती वाटे. यंत्रे आल्यापासून परभाषा कोणी शिकत नव्हते. खात्यातले अरबी दुभाष्याचे शेवटचे पद नऊ वर्षांपूर्वीच रद्द झाले होते.

अकरा वाजता रुकय्या परकार यांना घरून आणले. त्यांनी ओमानमधल्या सलालाहमध्ये बावीस वर्षे स्वयंपाक केला होता. वायरलेस पुन्हा लागताच त्यांनी अरबीत नाखव्याची तब्येत विचारली, मग आईची, मुलांची, वाऱ्याची. चार मिनिटे गेली.

"खाला, खलाशांचं विचारा ना," निरीक्षक मृणाल सुर्वे म्हणाल्या.

"गप गो. त्याने अजून माझी खुशाली कुठे विचारलीय?"

त्याने ती विचारली. मग आपणहून सांगितले, सहा जण आपल्याकडे आहेत, जिवंत आहेत.

सुर्वे यांनी रुकय्यांचे दोन्ही हात धरले. "खाला, तुमचे उपकार..."

"माझे कसले? त्याने आपल्या ताटातलं वाढलंय त्यांना."

रुकय्यांनी नाखव्याच्या आईला दुवा दिली आणि सातव्याचे विचारले. सव्वाअकराला गलबत त्याला शोधायला मागे वळले. संध्याकाळी सहाच्या संदेशानुसार शोध सुरू होता.