हाताला लागलेलं फळ

त्रेसष्टावं फळ उचललं आणि तिचा अंगठा देठाजवळ अडखळला.

टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. भोवती किंचित मऊ. फळमाशी पेरूच्या सालीला टोचून आत अंडी घालते, तेव्हा बाहेर एवढीच खूण राहते. चार दिवसांत आत अळ्या वळवळायला लागतात आणि वरून फळ मात्र दृष्ट लागावी असं दिसतं. परदेशी जाणारी फळं ती नऊ वर्षं तपासत होती. असल्या ठिपक्याला तिने कधी दयामाया दाखवली नव्हती. पण आज टेबलापलीकडे स्टुलावर तिचे वडील बसले होते. माल त्यांचा होता.

घरच्या माणसाचा माल स्वतः तपासायचा नाही, असा नियम होता. हे काम तिच्या जोडीच्या तपासनिसाचं. "तू जेवून ये, एवढं मी बघते," असं म्हणून तिनेच त्याला पाठवलं होतं. त्याला भूक लागली होती. तो गेला.

तपासणीची रीत साधी होती. शंभर फळं उचलायची, शंभर कापायची. हाताला लागलं ते कापायचं, परत ठेवायचं नाही. एक जरी अळी निघाली तरी सगळा माल परत. आणि इथे सुटलेली अळी तिकडे बंदरावर सापडली, तर या केंद्रात येणाऱ्या साठही बागांना वर्षभर कुलूप.

वडिलांनी तीस वर्षं बाग डोळ्यांत तेल घालून जपली होती. फळ लिंबाएवढं झालं की त्याला पिशवी चढायची. एका झाडाआड एक फळमाशीचा सापळा टांगलेला असायचा. सापळ्याच्या वासाला फक्त नर माश्या येतात, आणि त्यावर आईचा टोमणा ठरलेला: "भुलतात ते पुरुषच. बाई आपलं काम उरकून मोकळी!" म्हणून वडिलांचा खरा भर पडलेल्या फळांवर, कारण माशी वाढते ती त्यांच्यातच. रोज सकाळी पाटी घेऊन खाली पडलेलं एकूण एक फळ वेचायचं आणि खोल खड्ड्यात पुरायचं. घरामागच्या एकुलत्या एका झाडाखालचंसुद्धा.

या हंगामात आईने अंथरूण धरलं. सोळा दिवस वडील दवाखान्यात तिच्या उशाशी होते आणि सोळा दिवस बागेतली फळं पडून कुजत राहिली. मुलीला रजा मिळाली नव्हती. खरं म्हणजे तिने मागितलीच नव्हती. आईला जाऊन आता पाच आठवडे झाले होते.

"हा माल पास झाला तर बाग ठेवीन," वडील सकाळीच म्हणाले होते. "नाहीतर माझ्याच्याने आता होत नाही, असं समजेन." बाग सुटली तर वडील फार दिवस काढणार नाहीत, याची तिला खात्री होती. तिच्या दोन खोल्यांच्या घरात ते दिवसभर करणार तरी काय?

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चार हातांपलीकडचं सगळं धुक्यात. तिने फळ अलगद क्रेटमध्ये परत ठेवलं आणि शेजारचं उचललं. सुरी फिरवली. आतला गर पांढराशुभ्र होता. पुढचाही, त्याच्या पुढचाही. शंभर फळं झाली. एकही अळी नाही. तिने शिक्का हातात घेतला.

"मॅडम," वडील म्हणाले.

तिला वाटलं, मागे दुसरं कुणी आलं असेल. मागे कुणीच नव्हतं.

"एक फळ राहिलं. तुम्ही उचललंत, पण सुरी वाजली नाही."

"आबा, तुम्हाला इथून दिसतं तरी का?"

"ऐकू येतं. एका चालीत कापत होतात. मध्येच थांबलात."

शेजारच्या टेबलावर पेट्या भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. तिने मान खाली घातली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या ना, आबा. आईजवळ तुम्ही होतात. मी नव्हते. एवढं तरी करू द्या मला."

ते उठले. टेबलाच्या कडेला हात लावत तिच्या बाजूला आले. "कापा," ते म्हणाले.

तिने तेच फळ शोधून काढलं आणि ठिपक्यावरच सुरी ठेवली. दोन फोडी झाल्या. मग चार. मग तिने कागदासारखे काप काढले, एकेक उजेडात धरून पाहिला. अळी नव्हती. अंडी नव्हती. ठिपका सालीतच संपला होता. पिशवी बांधायची तार टोचली होती, एवढंच.

तिचा जीव भांड्यात पडला. ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "चांगलं आहे, आबा! नुसता तारेचा टोचा! सगळा माल स्वच्छ आहे!" तिने पुन्हा शिक्का उचलला.

आबांनी कागदावर हात ठेवला.

"तुझा तो जोडीदार जेवून येऊ दे. पहिल्यापासून तो तपासेल."

"अहो, पण फळ चांगलं निघालं ना!"

"फळ चांगलंच होतं, बाळ," ते म्हणाले. "पण तू ते किडकं समजून परत ठेवलंस."