चालीचं नाव

आयर्लंड सोडून ऑस्ट्रेलियात येताना नोरीनने दोनच गोष्टी आणल्या : वडिलांची फिडल आणि गावातल्या फिडलवाल्या मॅनसवर धरलेला दात. वडिलांनी बांधलेली चाल त्या मॅनसने त्यांच्या अंत्यविधीला ऐकली आणि महिन्याभरात स्वतःची म्हणून खपवली होती. फिडलवाल्यांची रीत अशी, की चाल घेतली तर तिचं नावही विचारून घ्यायचं आणि वाजवण्याआधी ते सांगायचं. मॅनस चाल उचलायचा, नाव कधीच विचारायचा नाही.

नोरीनने एक नवी चाल बांधली, बसल्या माणसाचे पाय थिरकतील अशी. गावाकडून जो कुणी फिडलवाला येईल त्याला घरी बोलावून, जेवू घालून ती चाल शिकवायची. ‘‘आणि नाव विसरलास तर याद राख,’’ असं बजावायची.

सहा वर्षांनी भाचीचा, सोर्खाचा, फोन आला.

‘‘आत्या, तुझी चाल इथं सगळ्यांच्या तोंडी बसलीय!’’

‘‘मॅनसनं ऐकली?’’

‘‘ऐकली? अगं, काल जत्रेत भर हॉलमध्ये उभा राहिला आणि छाती फुगवून म्हणाला, ही चाल माझी!’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, नाव सगळ्या गावाला ठाऊक. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. म्हातारा आपला विचारतोय, अरे, हसताय काय? शेवटी त्याच्या नातीनंच खाली मान घालून सांगितलं, आजोबा, या चालीचं नाव आहे ‘चोर म्हणेल, ही माझी’.’’